पेपर टाकण्यापूर्वी

संध्याकाळी सहा-साडेसहाला महापेच्या कुठल्याही चहाच्या टपरीवर उभं राहा. अर्ध्या तासात दोन तरी राजीनामे कानावर पडतात. "बास झालं, उद्या पेपर टाकतो." गळ्यात कंपनीच्या कार्डाचा पट्टा, एका हातात कटिंग, दुसऱ्यात मोबाईल आणि मोबाईलवर त्याच साहेबाचा मेसेज, आजच पाहिजे म्हणून. दुसऱ्या दिवशी हाच गडी त्याच टपरीवर तेच वाक्य बोलताना सापडतो. यात हसण्यासारखं काही नाही. उलव्यातल्या नाहीतर कामोठ्यातल्या फ्लॅटचा हप्ता, पोराची फी, घणसोली स्टेशनबाहेरची रिक्षाची रांग, आणि एवढं सगळं निभावून वर साहेबाचा तोरा. माणूस कुठंतरी बोलून मोकळा होणारच.

बोलून मोकळं व्हायला हरकत नाही. लिहून मोकळं होण्याआधी मात्र थांबा, एवढंच सांगायला हा लेख. ठाणे-बेलापूर रस्त्यावर मी बरीच वर्षं कामगारांच्या फायली सांभाळल्या. माझ्यासमोर पर्सोनेल खात्याचं एचआर झालं, गेटवरचे युनियनचे बोर्ड उतरले, रसायनांचा वास कमी झाला आणि काचेच्या इमारती आल्या. पण फायलीतली भांडणं बदलली नाहीत. नोकरीत असताना तक्रार माणसाबद्दल असते; नोकरी सुटली की तीच तक्रार कागदाची आणि पैशांची होते.

रागात राजीनामा मीही एकदा दिलाय. रबाळ्यातला एक कारखाना, माझं वय सत्तावीस. साहेब सगळ्यांसमोर नको ते बोलले. मी वहीचं पान फाडलं, दोन ओळी खरडल्या, त्यांच्या टेबलावर ठेवल्या आणि तडक गेटबाहेर पडलो. त्या पानाची नक्कल माझ्याकडे नव्हती. नेमणूकपत्र माझ्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये राहिलं. पगाराच्या स्लिपा मी कधी जपल्याच नव्हत्या. पुढच्या कंपनीनं रिलीव्हिंग लेटर मागितलं, तेव्हा कळलं की जुन्या कंपनीच्या दप्तरी मी राजीनामा दिलेला नाहीच. मी 'न कळवता गैरहजर' आहे. पानाचं काय झालं ते साहेबांनाच ठाऊक. ते पत्र मिळायला सात महिने लागले. हातातली नवी नोकरी अर्थातच गेली.

तेव्हापासून माझं सांगणं एकच आहे. तुमच्या नोकरीचा पुरावा साहेबाच्या ताब्यात राहू देऊ नका.

ही अक्कल वाशीच्या बाजारातल्या हमालांना आपल्या कितीतरी आधी आली. अण्णासाहेब पाटलांनी माथाडींची संघटना बांधली आणि त्यातून १९६९ चा माथाडी कायदा झाला. त्याची रचना बघण्यासारखी आहे. हमालाची नोंद माथाडी मंडळाकडे. व्यापारी मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळात भरतो, आणि मंडळ तिथून पगार, फंड, बोनस, ग्रॅच्युइटी बघतं. व्यापारी चिडला, गाळा बंद झाला, तरी हमालाच्या वर्षांचा हिशेब मंडळाच्या दप्तरात शाबूत. मंडळांच्या कारभाराबद्दल हमालांच्या तक्रारी आहेत, नाही असं नाही. पण पाठीवर पोती वाहणाऱ्या माणसाचा हिशेब मालकाच्या गल्ल्याबाहेर ठेवला गेला, आणि एसीत बसणारे आपण सगळं काही कंपनीच्या लॅपटॉपवर ठेवतो. शेवटच्या दिवशी दुपारी चारला लॅपटॉप जमा केला की ऑफर लेटर, स्लिपा, अप्रेझलची पत्रं, कौतुकाचे मेल, सगळं गेलं.

म्हणून सुरुवात राजीनाम्यापासून नाही, रुजू होण्यापासून करायची.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या आहेत. जुने एकोणतीस कायदे त्यांत सामावले. त्यातली तुमच्या कामाची पहिली गोष्ट म्हणजे, नेमणूकपत्र देणं आता मालकाला बंधनकारक आहे. "आपलं घरच्यासारखं असतं, पत्रबित्र नंतर बघू" असं म्हणणाऱ्या मालकाला हसून सांगायचं, "साहेब, घरच्यासारखं आहे म्हणूनच आत्ता द्या." पत्र हातात आलं की पॅकेजच्या आकड्यावर खिळून राहू नका. सहा लाखांच्या पॅकेजमध्ये मालकाचा फंडाचा वाटा असतो, ग्रॅच्युइटीची तरतूद असते, विम्याचा हप्ता असतो, आणि 'व्हेरिएबल' नावाचं एक गाजर असतं. सरळ विचारा, दरमहा बँकेत किती पडणार? आणि मूळ पगार किती? नव्या संहितेत वेतनाची व्याख्या बदलली आहे. भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील, तर वरचा भाग वेतनातच धरायचा आहे. मूळ पगार नावापुरता दाखवून ग्रॅच्युइटी वाचवण्याची जुनी चलाखी त्यामुळे अवघड झाली.

त्यानंतर नोटिशीचं कलम. हे फार कमी लोक वाचतात. मी अशी किती पत्रं पाहिली, ज्यांत कंपनीनं काढलं तर ३० दिवस आणि तुम्ही सोडलं तर ९० दिवस! सही करण्यापूर्वी हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा आणि सारखे करून मागा. दहातले सात एचआरवाले नाही म्हणतील, तिघे करून देतील. नोटीस विकत घेता येते का, म्हणजे उरलेल्या दिवसांचे पैसे भरून लवकर सुटता येतं का, आणि ते पैसे मूळ पगारावर मोजणार की एकूण पगारावर, हेही तेव्हाच विचारायचं. सोडताना विचारलं तर उत्तर त्यांच्या सोयीचं मिळतं.

बॉंडबद्दल दोन टोकांचे गैरसमज आहेत. एक, बॉंड म्हणजे जन्मठेप. दुसरा, बॉंडला कोर्टात काडीची किंमत नाही. दोन्ही चूक. नोकरी सोडल्यावर अमुक वर्षं स्पर्धक कंपनीत जाऊ नका, हे कलम भारतीय करार कायद्याच्या २७ व्या कलमापुढे सहसा टिकत नाही. पण ठरावीक काळ काम करा, नाहीतर ठरलेली भरपाई द्या, ही अट टिकू शकते. विजया बँकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं मे २०२५ मध्ये तीन वर्षांची आणि दोन लाख रुपयांची अशीच अट ग्राह्य धरली. तेव्हा रक्कम बघा, मुदत बघा, प्रशिक्षण खरोखर मिळतंय का ते बघा आणि मग सही करा. मूळ मार्कशीट मात्र कुणाकडेही ठेवायला देऊ नका. दाखवा, प्रत द्या, मूळ परत पिशवीत.

आता साहेब.

साहेबाचा राग येतो तेव्हा एक काम करून पाहा. रविवारी सकाळी, पोटभर नाश्ता झाल्यावर, कागदावर लिहा की नेमका त्रास कशाचा आहे. पगाराचा, कामाचा, माणसाचा की प्रवासाचा? एक पोरगा माझ्याकडे आला होता, बदलापूरहून महापेला येणारा. साहेबाच्या नावानं तासभर बोटं मोडली. बोलता बोलता निघालं की सकाळी ठाण्याला गाडी बदलून ट्रान्स-हार्बरमध्ये घुसेपर्यंतच तो अर्धमेला होतो, आणि साहेबाचं पहिलं वाक्य त्या अवस्थेत त्याच्या डोक्यावर पडतं. त्यानं शिफ्ट बदलून घेतली. साहेब तोच आहे, पोरगाही अजून तिथंच आहे. सगळ्यांचं असं होत नाही, पण रोग कुठला ते कळल्याशिवाय नोकरी बदलली तर तोच रोग ऐरोलीहून बेलापूरला जातो, एवढंच.

त्रास खरोखर माणसाचाच असेल, तर तोंडी भांडणात वेळ घालवू नका. साहेबानं केबिनमध्ये काही सांगितलं, की जागेवर येऊन दोन ओळींचा मेल टाका: आज आपलं बोलणं झालं त्याप्रमाणे हे काम मी शुक्रवारपर्यंत देतो, त्यासाठी अमुक काम मागे पडेल. भाषा गोड, तारीख पक्की. अशा मेलचा परिणाम मी अनेकदा पाहिलाय. निम्म्या साहेबांचा आवाज तेवढ्यानंच खाली येतो. उरलेल्या निम्म्यांसाठी हेच मेल पुढं कामी येतात. मात्र कंपनीचा डेटा, ग्राहकांच्या याद्या, कोड यातलं काहीही स्वतःच्या जीमेलवर पाठवू नका. स्वतःचं नेमणूकपत्र, स्लिपा, पगारवाढीची पत्रं घरी न्या. बाकीच्याला हात लावलात तर भांडणात तुमची बाजू खरी असूनही चोर तुम्हीच ठरता.

कामाच्या तासांचं थोडक्यात. आस्थापनांना लागू असलेल्या महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्यात आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आहे आणि जादा कामाला दुप्पट दर. पण व्यवस्थापकीय पदांना तो लागू नाही. पंचविशीतल्या पोरांना धडाधड मॅनेजर करून टाकण्याची फॅशन उगाच आलेली नाही.

साहेबाचं वागणं लैंगिक छळाकडे झुकत असेल, तर तो मामला वेगळा. २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती हवीच. घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार करायची. आधी राजीनामा आणि मग तक्रार हा क्रम बायका नाइलाजानं धरतात. जमेल तिथं उलटा धरा.

सगळ्यात वाईट प्रसंग म्हणजे राजीनामा मागितला जाणं. शुक्रवारी दुपारी मीटिंग रूममध्ये बोलावतात. समोर एचआरचे दोघे, टेबलावर छापील कागद आणि पाण्याची बाटली. "सही केलीत तर रिलीव्हिंग लेटर स्वच्छ मिळेल, नाहीतर टर्मिनेट करावं लागेल." अर्ध्या तासात ठरवा म्हणतात. मी टेबलाच्या त्या बाजूलाही बसलोय, म्हणून सांगतो, अर्ध्या तासाची ती घाई त्यांची असते. तुम्ही म्हणायचं, "मला कागद घरी नेऊन वाचायचाय, सोमवारी सांगतो." त्याच संध्याकाळी मेल टाकायचा की आज मला राजीनामा द्यायला सांगण्यात आलं, मी वेळ मागितला आहे. फरक पैशांचा आहे. कामगार या व्याख्येत बसणाऱ्या माणसाला वर्षभराच्या सलग नोकरीनंतर कामावरून कमी करायचं, तर एक महिन्याची नोटीस आणि दर वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून द्यावा लागतो. तुम्हीच राजीनामा दिलात तर ही भरपाई शून्य. कार्डावर मॅनेजर लिहिलंय म्हणून लगेच हात टेकू नका. तुम्ही प्रत्यक्षात काय काम करता ते कोर्ट बघतं, पदनाम नाही. आणि समजा जायचंच ठरलं, तर सहीच्या बदल्यात किती महिन्यांचा पगार मिळणार ते लेखी घ्या. तोंडी शब्दावर सही करून आलेली माणसं नंतर माझ्यासमोर बसून रडलेली आहेत.

आता तुम्ही स्वतःहून, थंड डोक्यानं, पेपर टाकताय असं धरू. आधी पुढच्या कंपनीचं ऑफर लेटर हातात हवं. "सिलेक्शन झालंय, लेटर येईल" याला ऑफर म्हणत नाहीत. सहा महिन्यांचे हप्ते आणि घरखर्च बाजूला असेल तरच हातात काही नसताना उडी. कंपनीचा मेडिक्लेम बहुधा शेवटच्या दिवशी संपतो, म्हणून घरात म्हातारी माणसं असतील तर स्वतःची पॉलिसी आधीच काढून ठेवा.

राजीनाम्याचं पत्र तीन ओळींचं असावं. मी अमुक पदाचा राजीनामा देत आहे. नेमणूकपत्राप्रमाणे माझा नोटीस कालावधी आजपासून सुरू होऊन अमुक तारखेला संपतो. कृपया पोच द्यावी. संपलं. साहेबानं तीन वर्षांत काय काय केलं त्याची कैफियत त्यात घालू नका. ती वाचणारा माणूस बहुतेक तोच साहेब असतो. मेल ऑफिसच्या पत्त्यावरून पाठवा आणि स्वतःच्या खासगी पत्त्यावर प्रत घ्या. दोन दिवसांत पोच आली नाही तर तेच पत्र पोस्टानं पाठवा. जुनं रजिस्टर पत्र २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालंय, तेव्हा पोचपावतीसह स्पीड पोस्ट मागा. पन्नास-शंभर रुपयांचं काम आहे. माझ्याकडे तेव्हा ती पावती असती तर सात महिने वाचले असते.

नोटिशीच्या काळात मन उडालेलं असतं. तरी हँडओव्हर नीट करा, कुणाला काय दिलं त्याची यादी मेलवर ठेवा, लॅपटॉप आणि कार्ड जमा केल्याची पावती घ्या. शेवटच्या दिवशी एक मुलाखत होते, आम्हाला काय सुधारता येईल वगैरे. तिथं कमी बोला. त्या फॉर्ममधून कंपनी सुधारल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही.

मग येतो हिशेब, ज्याला सगळे 'फुल अँड फायनल' म्हणतात. कंपन्या सवयीनं सांगतात, ४५ दिवस लागतील. नवी वेतन संहिता सांगते की माणूस काढला असो वा त्यानं राजीनामा दिला असो, त्याचं वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत चुकतं करायचं. हे मॅनेजरलाही लागू आहे. भांडायला जाऊ नका. मेलमध्ये वेतन संहितेच्या १७ व्या कलमाचा उल्लेख करून नम्रपणे तारीख विचारा. ठेकेदाराकडून कामावर असाल आणि तो पैसे बुडवून पळाला, तर ज्याच्या आवारात काम केलं त्या मूळ मालकाकडे मागायचे.

ग्रॅच्युइटीचं गणित घरी करा. शेवटचं मासिक वेतन गुणिले १५, भागिले २६, गुणिले नोकरीची वर्षं. वेतन ३०,००० आणि सहा वर्षं धरली तर १,०३,८४६ रुपये. शेवटचे सहा महिन्यांहून जास्तीचे दिवस पूर्ण वर्ष धरतात. ग्रॅच्युइटीसाठी लागणारी पाच वर्षं भरायला दोन महिने असताना तावातावानं सोडणारे मी पाहिलेत. चार वर्षं आणि २४० दिवस पुरेसे आहेत असे कोर्टाचे निकाल आहेत, पण ते मिळवायला कोर्टाची पायरी चढावी लागते. त्यापेक्षा दोन महिने साहेबाला सोसणं स्वस्त. मुदतीच्या करारावर असाल तर मात्र नव्या संहितेत एका वर्षानंतरच ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे अशा करारावरच्या पोरांना कुणी सांगतच नाही.

भविष्य निर्वाह निधी. इथल्या पुष्कळ लोकांच्या पासबुकात खात्याचा क्रमांक 'टीएचव्हीएसएच' या अक्षरांनी सुरू होतो. ठाणे, वाशी, म्हणजे तुमचं दप्तर वाशीच्या कार्यालयाचं. सोडण्यापूर्वीच पासबुक उघडून दर महिन्याची भर पडली आहे का बघा. स्लिपेवर कपात आणि पासबुकात भोपळा, हा प्रकार छोट्या युनिटांत आजही होतो. सोडल्यावर कंपनीनं सोडल्याची तारीख भरली का ते तपासा. ती चुकली, तर कागदोपत्री तुम्ही एकाच वेळी दोन कंपन्यांत दिसता आणि नव्या कंपनीच्या पडताळणीत अडकता. जुनी कंपनी तारीख भरत नसेल, तर शेवटची भर पडल्यापासून दोन महिन्यांनी सदस्य पोर्टलवर ती तुम्हाला स्वतः भरता येते. पैसे काढू नका, खातं पुढं न्या. पाच वर्षांच्या आत काढले तर करकपातीचं लफडं, आणि पेन्शनसाठी लागणारी दहा वर्षं पुन्हा शून्यापासून.

मध्ये कुठं रिकामे बसलात, तर या शहरात तुमच्या अडचणीवर जगणारी एक जमात आहे. सीबीडी बेलापूर आणि वाशीत जहाजावर नोकरी लावतो म्हणून गाळे थाटायचे, सातारा-सांगलीपासून बिहारपर्यंतच्या पोरांकडून लाखो रुपये घ्यायचे आणि गाळ्याला कुलूप लावायचं, असे गुन्हे नवी मुंबई पोलिसांकडे वर्षानुवर्षं नोंदले जात आहेत. जहाजावर पाठवणाऱ्या एजंटाकडे नौवहन महासंचालनालयाचा परवाना लागतो. परवानाधारकांची यादी त्यांच्या संकेतस्थळावर आहे, आणि खलाशाकडून नोकरीसाठी पैसे घ्यायला परवानाधारकालाही बंदी आहे. नवी मुंबईच्या विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून विमानं उडायला लागली, तेव्हा "विमानतळावर लावतो" म्हणणाराही कुठंतरी भेटेलच. नोकरीसाठी पैसे मागितले की उठा आणि निघा. ऑनलाइन पैसे गेलेच, तर तासभरही न दवडता १९३० वर फोन करा.

थकलेल्या पगाराचा दावा करायला नव्या संहितेत तीन वर्षं मिळतात, तेव्हा जुनं प्रकरण म्हणून सोडून देऊ नका. पण दाव्यासोबत पहिला कागद मागतात तो नेमणूकपत्राचा. आज रात्री घरी गेल्यावर तुमचं शोधा. सापडलं नाही, तर उद्या सकाळी, साहेबाशी संबंध बरे आहेत तोवर, एचआरकडे त्याची प्रत मागा.